गरजू विद्यार्थी, सवेतन प्रशिक्षण आणि निधीचा प्रश्न

पदवीचे शिक्षण घेत असतानाच प्रत्यक्ष कामाचा अनुभव मिळावा, हा विचार राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे देशातील उच्च शिक्षणाच्या केंद्रस्थानी आला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये पदवी स्तरावरील इंटर्नशिपसाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली आणि या कामाला श्रेयांकही मिळू लागले. मात्र श्रेयांक मिळाले म्हणजे मोबदला मिळतोच, असे नाही. सुटीत शेतात किंवा दुकानात राबून पुढील वर्षाचे शुल्क जमवणाऱ्या विद्यार्थ्याला विनावेतन प्रशिक्षण स्वीकारताना हाती येणाऱ्या मजुरीवर पाणी सोडावे लागते. त्यामुळे या प्रशिक्षणाचा खर्च कोणी उचलावा, हा प्रश्न आता टाळता येण्याजोगा राहिलेला नाही.

या संदर्भात महाराष्ट्राची परंपरा उल्लेखनीय आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये सातारा जिल्ह्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. साताऱ्यातील त्यांच्या वसतिगृहात सर्व जातीधर्मांची मुले एकत्र राहून श्रम करीत आणि शिकत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. पुढे १९४७ मध्ये सुरू झालेल्या साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात 'कमवा आणि शिका' हे तत्त्व महाविद्यालयीन शिक्षणात आले. आज राज्यातील अनेक विद्यापीठांत याच नावाची योजना राबविली जाते. ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा किंवा बागेत दिवसाकाठी काही तास काम करणाऱ्या विद्यार्थ्याला तासाप्रमाणे मोबदला मिळतो.

या योजनेने हजारो मुलामुलींचे शिक्षण तारले, हे निर्विवाद आहे. तथापि तिच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. तिचा निधी मुख्यत्वे विद्यापीठांच्या अंदाजपत्रकातून येतो. साहजिकच जागा थोड्या आणि मोबदला बेताचा असतो. शिवाय वाणिज्य शाखेचा विद्यार्थी बागकाम करतो, तेव्हा त्याच्या गरजेची अंशतः पूर्तता होते, परंतु त्याच्या विषयाशी त्या कामाचा संबंध जुळत नाही.

केंद्र सरकारच्या योजनांचा रोख वेगळा आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ मध्ये संमत झाला. पदवी व पदविकाधारकांसाठीच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेकरिता २०२१-२२ ते २०२५-२६ या कालावधीसाठी ३,०५४ कोटी रुपयांची तरतूद मंजूर करण्यात आली होती. या योजनेत किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सरकार उचलते. पदवी अभ्यासक्रमातच शिकाऊ उमेदवारी अंतर्भूत करण्याची मुभाही आयोगाने दिली असून, २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तीन वर्षांच्या पदवीत एक ते तीन सत्रे प्रत्यक्ष उद्योगात घालवता येतात. परंतु येथे निवड उद्योगाच्या गरजेनुसार होते, विद्यार्थ्याच्या आर्थिक स्थितीनुसार नव्हे.

आर्थिक निकष लावला तो २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनेने. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपेक्षा अधिक नसावे, अशी अट तीत घालण्यात आली. दरमहा पाच हजार रुपयांपैकी साडेचार हजार केंद्र सरकारने व पाचशे रुपये कंपनीने द्यावयाचे, अशी रचना होती. मात्र त्या वेळच्या निकषांनुसार पूर्णवेळ शिक्षण घेणारे विद्यार्थी अपात्र होते. प्रायोगिक टप्प्याचा अनुभवही बोलका ठरला. पहिल्या फेरीत सुमारे ८२ हजार प्रस्ताव देण्यात आले. ते स्वीकारणारे सुमारे २८ हजार, तर प्रत्यक्ष रुजू झालेले नऊ हजारांहूनही कमी होते. कामाचे दूरचे ठिकाण आणि बारा महिन्यांचा कालावधी ही त्यामागची प्रमुख कारणे असल्याचे पुढे आले. परगावी खोलीभाडे, खानावळ आणि प्रवास यांचा मेळ पाच हजार रुपयांत बसणे कठीण, हे त्यावरून ध्यानात येते.

थोडक्यात, जी योजना गरजू विद्यार्थ्यापर्यंत पोहोचते तिच्याकडे पुरेसा निधी नाही आणि जेथे निधी आहे तेथे शिकत असलेला गरजू विद्यार्थी केंद्रस्थानी नाही. ही दरी सांधणे हेच खरे आव्हान आहे.

अमेरिकेने १९६४ च्या आर्थिक संधी अधिनियमाद्वारे सुरू केलेली 'फेडरल वर्क-स्टडी' योजना या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. आर्थिक गरज सिद्ध करणाऱ्या विद्यार्थ्याच्या वेतनाचा साधारणपणे ७५ टक्क्यांपर्यंतचा वाटा तेथे संघराज्य सरकार देते. उर्वरित भार महाविद्यालय किंवा काम देणारी संस्था उचलते. वेतन किमान वेतनापेक्षा कमी असून चालत नाही आणि ते महिन्यातून एकदा तरी द्यावेच लागते. अर्थात ही योजनाही निर्दोष नाही. पूर्वी मिळालेल्या निधीच्या आधारे पुढील वाटप होत असल्याने जुन्या, संपन्न संस्थांना झुकते माप मिळते, अशी टीका तिच्यावर सातत्याने होत आली आहे. भारतात तसे घडू द्यायचे नसेल, तर निधी संस्थेच्या नावलौकिकावर नव्हे, तर तेथील गरजू विद्यार्थ्यांच्या संख्येवर ठरला पाहिजे.

२०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. सर्वांना सरकारी खर्चाने काम देणे शक्य नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. परंतु शिष्यवृत्तीसाठी पात्र ठरलेल्यांना प्राधान्य, महाविद्यालयाच्या परिसरातील ग्रामपंचायत, सहकारी संस्था, रुग्णालये व लघुउद्योगांत विषयाशी निगडित काम आणि थेट बँक खात्यात दरमहा वेळेवर मोबदला, एवढी व्यवस्था उभारणे आवाक्याबाहेरचे नाही. घराजवळ काम मिळाल्यास परगावी जाऊ न शकणाऱ्या विद्यार्थिनींनाही त्याचा लाभ घेता येईल.

कामाचा अनुभव हा पदवीचा भाग ठरत असेल, तर तो मिळविण्याची ऐपतही सर्वांना असली पाहिजे. अन्यथा संधी वाढविण्यासाठी आखलेले धोरण सधन आणि निर्धन विद्यार्थ्यांमधील अंतर वाढविणारे ठरेल. ते टाळावयाचे असेल, तर श्रेयांकांच्या जोडीला निधीची निश्चित तरतूद करावी लागेल.