प्लेटलेट्स कमी म्हणजे डेंग्यूच? आयटीपीमध्ये नेमकं काय घडतं?

पावसाळ्यात रिपोर्टमध्ये प्लेटलेट्स कमी दिसल्या की घरात पहिला प्रश्न येतो, 'डेंग्यू आहे का?' कुणी पपईच्या पानांचा रस सुचवतं, कुणी व्हॉट्सॲप ग्रुपवर रक्तदाता शोधतं. पण ताप नाही, डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह आणि अंगावर मात्र लाल-जांभळे ठिपके असतील तर?

कारण इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया, म्हणजेच आयटीपी असू शकतं. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या आजारावरच्या रिलझाब्रुटिनिब या गोळीला मान्यता दिली. ती काय करते हे कळायला आधी आजार समजून घेऊ.

प्लेटलेट्स जातात कुठे?

अँटीबॉडी जंतूंवर खूण करतात आणि ती खूण पाहून मॅक्रोफेज पेशी जंतू गिळतात. आयटीपीत ही खूण स्वतःच्याच प्लेटलेट्सवर लागते. एरवी 8 ते 10 दिवस टिकणाऱ्या प्लेटलेट्स मग प्लीहेत काही तासांतही संपू शकतात. शिवाय बोनमॅरोत नव्या प्लेटलेट्स बनणंही मंदावतं. खर्च वाढतो, आवक घटते.

हे कळलं कसं?

1950 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात डॉ. विल्यम हॅरिंग्टन यांनी आयटीपीच्या रुग्णाचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. काही तासांतच त्यांच्या प्लेटलेट्स धोकादायकरीत्या घसरल्या. प्लेटलेट्स नष्ट करणारं काहीतरी त्या रक्तातच होतं. पुढे कळलं, त्या अँटीबॉडी होत्या.

मग अँटीबॉडीची टेस्ट करायची?

सहसा नाही. अनेक रुग्णांत या अँटीबॉडी टेस्टमध्ये सापडतच नाहीत. त्यामुळे डॉक्टर संसर्ग, औषधांचा परिणाम, इतर रक्तविकार अशी कारणं एकेक करून बाजूला करतात आणि मग निदान करतात.

उपचार काय?

बाहेरून दिलेल्या प्लेटलेट्सवरही तीच खूण बसते. म्हणून गंभीर रक्तस्राव नसेल तर त्या सहसा देत नाहीत. सुरुवात बहुधा स्टेरॉइडने होते. आधीच्या उपचारांनी पुरेसा फरक न पडलेल्या प्रौढांसाठी ही नवी गोळी आहे. ती अँटीबॉडी बनवणारी आणि प्लेटलेट्स गिळणारी, अशा दोन्ही पेशींना आवर घालते.

प्रौढांमध्ये काउंट 30,000 च्या वर असेल आणि रक्तस्राव नसेल, तर अनेकदा औषधाशिवाय नुसतं लक्ष ठेवलं जातं. म्हणून फक्त आकडा पाहून घाबरू नका. पण नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त थांबत नसेल, किंवा अचानक तीव्र डोकेदुखी सुरू झाली, तर रस काढत बसू नका. थेट हॉस्पिटल गाठा.