पहिला पंधरवडा

जबड्याच्या ठेवणीविषयी आपल्या घरांतून पूर्वी फारसे बोलले जात नसे. खालचा जबडा पुढे आलेला असो, हनुवटी मागे दबलेली असो, "आजोबांच्या वळणावर गेला आहे" एवढे म्हटले की विषय संपे. मुलगी असली तर तोच विषय स्थळे पाहण्याच्या वेळी पुन्हा निघे. वास्तविक हा केवळ रूपाचा प्रश्न नव्हे. दोन जबड्यांचा मेळ नसेल तर पुढच्या दातांनी पोळीचा तुकडा तुटत नाही, काही उच्चार नीट उमटत नाहीत, आणि खालचा जबडा फार मागे असल्यास झोपेत श्वासाचा मार्गही अरुंद होऊ शकतो. हाडांची वाढ पूर्ण झाल्यावर शस्त्रक्रियेने हा दोष दूर करता येतो, हे आता आपल्या कुटुंबांतूनही माहीत झाले आहे. आमच्या इंदुरातही ओळखीच्या घरांतील विशी-पंचविशीची मुले ती करवून घेताना दिसतात.

या शस्त्रक्रियेपूर्वी वर्ष-दीड वर्ष दातांना तारा लावून तयारी चाललेली असते. डॉक्टरांकडे खेपा होतात, क्षकिरणांची चित्रे निघतात. घरच्यांना या साऱ्याची सवय झालेली असते. परंतु रुग्णालयातून घरी आल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्याची तयारी क्वचितच कोणी केलेली असते. शस्त्रक्रिया शल्यविशारदाच्या हातची; हा पंधरवडा मात्र घरच्यांच्या हातचा. म्हणून आज त्याविषयीच चार गोष्टी सांगाव्यात असे आम्ही योजिले आहे.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की हे काम दात काढण्यासारखे किरकोळ नव्हे. १८४९ साली अमेरिकेत डॉ. सायमन हलिहेन यांनी, भाजल्यामुळे विद्रूप झालेल्या एका तरुणीचा खालचा जबडा कापून मागे घेतला. या प्रकारच्या शस्त्रक्रियेची ती आरंभीची नोंद मानतात. पुढे १९०१ मध्ये फ्रान्सच्या रेने ल फोर यांनी आघाताने चेहऱ्याची हाडे कोणत्या रेषांवर भंगतात हे दाखविले. वरचा जबडा ज्या रेषेवर सोडवतात, तिला आजही त्यांचेच नाव आहे. १९५७ मध्ये ट्राउनर आणि ओब्वेगेझर यांनी खालच्या जबड्याचे हाड तोंडाच्या आतूनच उभे दुभागून सरकविण्याची पद्धत इंग्रजीतून प्रसिद्ध केली, आणि चेहऱ्यावर व्रण न ठेवता हे काम करणे सुकर झाले. पूर्वी हाड सांधेपर्यंत सुमारे सहा आठवडे वरखाली दात तारेने बांधून ठेवीत. आता बहुधा टायटॅनियमच्या लहान पट्ट्या आणि स्क्रू यांनी हाड आतून स्थिर करतात, आणि दातांना बारीक रबरे लावतात. बाहेरून जखम दिसत नाही, म्हणून घरच्यांना दुखणे लहान वाटते. आत मात्र हाड कापलेले असते, हे विसरू नये.

पहिल्या तीन दिवसांत रोग्यास वेदनेपेक्षाही कोंडल्यासारखे वाटणे अधिक छळते. नाक चोंदलेले असते, भूल देताना घातलेल्या नळीने घसा खवखवतो, तोंड उघडत नाही. वरच्या जबड्याचे काम झाले असल्यास नाकातून अधूनमधून थोडे रक्तमिश्रित पाणी येते. अशा वेळी डोके उंच ठेवून, पाठीशी दोन-तीन उशा देऊन झोपवावे. सूजही त्याने कमी राहते. नाक शिंकरू देऊ नये. शिंक आलीच तर ती दाबू नये, ओठ विलग ठेवून येऊ द्यावी. पोटात गेलेल्या रक्ताने मळमळ होते. उलटी झाल्यास रोग्यास पुढे वाकवून डोके खाली करावे. पातळ पदार्थ दातांच्या फटींतून बाहेर येतात. रबरे लावलेली असतील तर लहान कात्री आणि तारेने बांधलेले असेल तर तार कापण्याची पक्कड सदैव उशाशी असावी. काय कापावयाचे आणि केव्हा, हे रुग्णालयातून निघण्यापूर्वीच घरातील निदान दोघांनी डॉक्टरांकडून समक्ष शिकून घ्यावे. तिची गरज बहुधा पडत नाही. पण ती जवळ आहे या जाणिवेने रोगी झोपू शकतो.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत अधिक असते. गाल फुगतात, ओठ जाड होतात, काहींच्या मानेपर्यंत काळेनिळे डाग उतरतात. प्रारंभी बर्फाचा शेक देतात, नंतर डॉक्टर सांगतील तेव्हा कोमट. दोन-तीन आठवड्यांत बरीच सूज ओसरते. उरलेली मात्र महिनोन्‌महिने सावकाश जाते. तेव्हा आठव्या दिवशी आरशात दिसणारा चेहरा जुनाही नसतो आणि नवाही नसतो. हे आधीच सांगितलेले असले तर रोगी निभावून नेतो; न सांगितल्यास तो घाबरतो.

आता स्वयंपाकघराकडे वळू. पूर्वी तान्ह्या बाळाला चांदीच्या बोंडल्याने दूध पाजीत. काहीशी तीच रीत येथे उपयोगी पडते. चोचीचा पेला किंवा सुई नसलेली सिरिंज घेऊन पदार्थ गालाच्या आत हळूहळू सोडावा. पुष्कळ डॉक्टर नळीने ओढून पिण्यास प्रारंभी मनाई करतात, ती पाळावी. भाताची पेज, मुगाचे कढण, नाचणीचे पातळ सत्त्व, ताक, आमसुलाचे सार, तूप घातलेले पातळ वरण, सामिष घरांतून कोंबडीचे सूप, असे पुष्कळ प्रकार आपल्याकडे आहेत. सारे मिक्सरमधून काढून तलम गाळणीने गाळावे. फोडणीतील मोहरी-जिरे टाक्यांत अडकतात. स्वादासाठी जिऱ्याची पूड गाळण्यापूर्वी घालावी. एका वेळी पोट भरेल एवढे जात नाही. म्हणून दर दोन तासांनी थोडे थोडे द्यावे आणि दिवसाकाठी किती गेले ते कागदावर टिपून ठेवावे. नुसत्या पेजेवर अंगात बळ राहत नाही. हाड सांधण्यास प्रथिने लागतात. दूध, डाळी, दह्यात घुसळलेले पनीर यांचा भर असावा. तरीही थोडे वजन उतरतेच, त्याची धास्ती घेऊ नये.

एक सावधगिरी अत्यंत महत्त्वाची. खालच्या जबड्याच्या हाडातून ओठाची आणि हनुवटीची संवेदना नेणारी शीर जाते. ती शस्त्रक्रियेत ताणली जात असल्याने तो भाग बधिर होतो. ही बधिरता पुष्कळांची काही आठवड्यांत वा महिन्यांत ओसरते, काहींची थोडीफार कायम राहते. तोवर कढत सार ओठाला लागले तरी कळत नाही आणि पोळते. म्हणून बाळाच्या दुधासारखे प्रत्येक वेळी मनगटावर थेंब टाकून पाहावे. ओठावरून लाळ वा पेज ओघळली तर हसू नये. हातात मऊ रुमाल द्यावा.

प्रत्येक खाण्यानंतर डॉक्टरांनी दिलेल्या औषधाने अथवा मिठाच्या कोमट पाण्याने तोंड स्वच्छ करावे. दातांना लहान मुलांचा मऊ ब्रश चालतो. तंबाखू आणि धूम्रपान यांनी जखम भरण्यास अडथळा येतो, हे घरातील वडीलधाऱ्यांनीही ध्यानी ठेवावे. ताप चढणे, लाल रक्त न थांबणे, पू वा दुर्गंधी येणे, आठवड्यानंतर सूज उलट वाढणे, दातांची बसलेली ठेवण एकाएकी बदलणे, यांपैकी काहीही दिसल्यास डॉक्टरांना तत्काळ कळवावे; आणि श्वासास त्रास झाल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

शरीराचे हे असे. मनाचे याहून नाजूक. चौथ्या-पाचव्या दिवसापासून पुष्कळांना विलक्षण उदासी येते. झोप नाही, अन्नाची चव नाही, घरात पोह्यांची फोडणी पडली की तिचा वास खोलीपर्यंत येतो आणि डोळे भरतात. "कशाला केले हे?" हा प्रश्न मनात घोळतो. आमच्या परिचयातील एका मुलीस भेटावयास आलेल्या वडीलधाऱ्या बाईंनी तिच्यासमोरच आईला म्हटले, "देवाने दिलेला चेहरा हकनाक बिघडवून घेतला हो!" मुलीला बोलता येत नव्हते, ऐकू मात्र सारे येत होते. त्या रात्री तिने पाटीवर लिहिले, "हा माझा चेहरा नाही." आईने "छान दिसतेस" असे खोटे सांगितले नाही. ती म्हणाली, "नाहीच. ही सूज आहे. चेहरा मागून येईल, तोवर आपण थांबू." आणि दुसऱ्या दिवसापासून भेटीस येणाऱ्यांना तिने बाहेरच्या खोलीत बसविले.

आम्हांस या आईचे वागणे फार शहाणपणाचे वाटते. बोलता न येणाऱ्या माणसाविषयी त्याच्यादेखत बोलण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. त्याला काय हवे हे दुसऱ्यालाच विचारले जाते. त्याऐवजी हाताशी पाटी किंवा वही द्यावी, तो लिहीपर्यंत थांबावे, त्याचे वाक्य आपण पुरे करू नये. जेवणाच्या वेळी त्याला खोलीत एकटे न ठेवता, त्याची इच्छा असल्यास, पंगतीला त्याचा पेला घेऊन बसू द्यावे. डॉक्टरांच्या अनुमतीने घरातल्या घरात फिरवावे. उदासी पंधरवड्यानंतरही न हटल्यास, झोप-भूक पार गेल्यास, ती लपवू नये. तीही डॉक्टरांच्या कानी घालावी.

ज्या घरी असा प्रसंग यावयाचा असेल, त्यांनी आठवडाभर आधी चोचीचा पेला, गाळणी, पाटी, मऊ रुमाल आणि उशा यांची सिद्धता करावी. आप्तेष्टांना पंधरा दिवसांनी भेटीस येण्याविषयी विनयाने कळवावे. आणि रोग्याने पहिल्या आठवड्यात आरसा मागितला तर नाकारू नये. देताना शेजारी बसावे, इतकेच.