अडत कोण देते?

वाचकहो, दिवाळीच्या अंकात पैशांचा हिशेब मांडणे म्हणजे फराळाच्या ताटात कडू काढा ठेवण्यासारखे आहे, हे मी जाणतो. पण गेल्या महिन्यात अकोल्याला सासुरवाडीस गेलो असता जी फजिती झाली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही.

आम्ही अमरावतीचे प्राध्यापक. १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीस लागलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाही. पगारातून दर महिन्याला वर्गणी कापायची, सरकारने आपली भर घालायची आणि पुढे बाजाराची कृपा! मार्च २०२३ मध्ये राज्यातले कर्मचारी आठवडाभर संपावर गेले ते ह्याचसाठी. ह्या काळजीपोटीच, प्राध्यापकांच्या संघटनेचा चिटणीस असताना, मी म्युच्युअल फंडाची एक निवृत्ती योजना सहकाऱ्यांच्या गळी उतरवली. ती आणणारा माझाच जुना विद्यार्थी. ‘सर, आपल्याकडून एक पैसाही घेत नाही,’ असे तो म्हणाला आणि तेच वाक्य मी वीस-बावीस जणांना ऐकवले.

सासऱ्यांनाही ऐकवले. ते शेतकरी. त्यांनी शांतपणे विचारले, “जवाईबापू, तो पोरगा पैसे घेत नाई म्हन्ता, मंग तो खाते काय? याची अडत कोन देते?”

मी हसलो. त्यांनी फडताळातून हरभऱ्याची एक जुनी पट्टी काढली. हमाली, तोलाई, अडत — सारे ओळीने लिहिलेले. “लुटलं आमाले, पन लिहून लुटलं.” बाजाराला नियमांत बसवण्याची हिंदुस्थानातली पहिली खटपट १८८६ साली आमच्या वऱ्हाडातच, कारंज्याच्या कापूस बाजारात झाली, १८९७ साली वऱ्हाडासाठी कायदाही आला. तरी एम. ए. झालेल्या जावयाने पट्टी मागितली नव्हती!

रात्री कागद धुंडाळले. फंडाच्या युनिटचा रोजचा भाव जाहीर होतो तो खर्च वजा करूनच. त्या खर्चात विक्रेत्याचे कमिशन असते आणि रक्कम फंडात आहे तोवर ते दरसाल चालू राहते. १ जानेवारी २०१३ पासून तोच फंड मध्यस्थाविना थेट घेता येतो. तो स्वस्त पडतो. फरक एखाद्या टक्क्याचा. पण महिना ५,००० रुपये ३० वर्षे भरले आणि वाढ १० टक्के धरली, तर सुमारे १ कोटी १३ लाख होतात. ९ धरली तर साडेएक्क्याण्णव लाख. साडेएकवीस लाख कोणत्याही पट्टीवर न लिहिता गेले! आमच्या सरकारी योजनेत निधी सांभाळणाऱ्याची फी शंभरास दहा पैशांहूनही कमी आहे. तिला शिव्या देताना हे मला ठाऊक नव्हते.

‘विश्वस्त’ हा शब्द मी दरवर्षी वर्गात फोडून सांगतो. संस्कृतात ज्याच्यावर विश्वास ठेवला तो विश्वस्त आणि जो निःशंकपणे विश्वास ठेवतो तोही विश्वस्त. १८८२ च्या न्यास कायद्याने पहिल्याला बजावले आहे की, न्यासाच्या मालमत्तेतून स्वतःचा लाभ करू नये. कायद्याच्या लेखी मी कुणाचा विश्वस्त नव्हतो. पण माझ्या सहकाऱ्यांनी कागद वाचला नव्हता, माझे तोंड पाहिले होते.

सोमवारी स्टाफरूममध्ये सारे सांगितले. दोघे चिडले, बाकीचे गप्प. एकाने मात्र नेमके विचारले, “तुम्हांला काय मिळालं?” दर दिवाळीला येणारा काजू-बदामाचा डबा आठवला. तेही सांगितले.

विद्यार्थ्याला बोलावून कमिशन विचारले. त्याने आकडा लगेच सांगितला, काही लपवले नाही. “सर, इतक्या वर्षांत कुनी इचारलंच नाई.” तो खोटे बोलला नव्हता, आम्ही थेट त्याला पैसे देत नव्हतो, एवढेच. पुढचे हप्ते थेट मार्गाने वळवायचे अर्ज त्यानेच भरून दिले. ह्याचे मात्र मला अजून आश्चर्य वाटते.

यंदाचा डबा परवा आला. कपाटावर ठेवला आहे. सौ. रोज विचारते, परत पाठवायचा की फोडायचा?