काढलेला धातू परत येत नाही

२९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदल्या गेलेल्या शेवटच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही काळी-पिवळी गाडी मुंबईच्या भाडेव्यवसायातून अधिकृतपणे निवृत्त झाली, तेव्हा तिच्यावर अनेकांनी जिव्हाळ्याने लिहिले. ते वाचताना माझ्या घरामागच्या पडवीत, जुन्या सतरंजीवर, १९७८ सालच्या माझ्या खासगी पद्मिनीचे सिलिंडर हेड उलटे करून ठेवलेले होते, आणि एक गोष्ट मनाला लागून राहिली. यंत्राच्या आयुष्याची मोजदाद आपण पंचांग पाहून करतो. त्याची प्रकृती पाहून करीत नाही. माणसाच्या बाबतीत जो न्याय आपणांस क्रूर वाटला असता, तो यंत्राच्या बाबतीत आपण कायद्यात घालून मोकळे झालो आहोत. त्या न्यायात कोठे आणि कसा बदल व्हावा, याविषयी एक साधी सूचना मांडण्याचा या लेखाचा हेतू आहे, आणि ती सूचना मला त्या हेडनेच शिकविली.

प्रथम या इंजिनाची कुळकथा सांगितली पाहिजे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनी तयार होत असे. परंतु तिच्या इंजिनाचे मूळ १९३७ सालच्या तुरिन शहरात, फियाट कंपनीच्या ५०८ सी या गाडीत सापडते. त्या गाडीच्या रचनेत दान्ते जाकोसा या थोर अभियंत्याचा मोठा वाटा होता. ६८ मिलिमीटर व्यासाचे चार सिलिंडर, ७५ मिलिमीटरची दट्ट्याची धाव आणि त्यांतून सिद्ध होणारे १०८९ घनसेंटिमीटरचे आकारमान हे त्या इंजिनाचे माप कुर्ल्यास आलेल्या इंजिनातही कायम राहिले. खाली बिडाचा ब्लॉक, वर अॅल्युमिनियमचे हेड, आणि ब्लॉकमधील कॅमशाफ्टपासून पुशरॉड व रॉकर यांच्या मार्फत हलणारे व्हॉल्व्ह ही त्याची मांडणी इतकी उघड आणि समजण्याजोगी आहे की, ज्याच्यापाशी पान्यांचा एक संच, थोडी चिकाटी आणि मापे घेण्याची शिस्त आहे, त्याला ती आपले सर्व रहस्य विनासंकोच सांगते.

मात्र या मांडणीतच तिचे दुखणेही दडलेले आहे. अॅल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. चाळीस सेंटिमीटर लांबीचा अॅल्युमिनियमचा ठोकळा ८० अंशांनी तापला तर सुमारे पाऊण मिलिमीटर वाढतो, आणि तेवढाच बिडाचा ठोकळा त्याच्या निम्म्याइतकाच वाढतो. हे दोन भिन्न स्वभावांचे धातू बोल्टांनी एकत्र आवळलेले असतात. एखाद्या घाटात रेडिएटरमधील पाणी कमी पडून इंजिन बेसुमार तापले की हेडला वाढावयास जागा मिळत नाही, ते वाकते, आणि थंड झाल्यावर पूर्ववत सपाट होत नाही. मग मधले गॅस्केट उडते, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, इंजिनाचे तेल पाणी मिसळून दुधाळ दिसू लागते. माझ्या गाडीचे नेमके हेच झाले होते.

हेड उतरविताना पहिला नियम असा की, इंजिन पूर्ण थंड असले पाहिजे, आणि बोल्ट आवळण्याचा जो क्रम असतो त्याच्या उलट क्रमाने, कडेकडून मध्याकडे, थोडेथोडे सैल केले पाहिजेत. नाहीतर जे वाकलेले नाही तेही वाकते. पुशरॉड काढताना एका पुठ्ठ्यास आठ छिद्रे पाडून, त्यांवर आकडे घालून, ज्याची त्याला त्याच्या जागी ठेवावे लागते, कारण इतक्या वर्षांच्या सहवासाने प्रत्येक पुशरॉडचे टोक आपल्या जोडीदाराशी घासून जुळलेले असते. हेडचा पृष्ठभाग स्वच्छ करून त्यावर अचूक सरळ पट्टी उभी धरावी, आणि तिच्याखाली फीलर गेजचे पातळ पाते सरकवून पाहावे. माझ्या हेडच्या मध्यभागी एका मिलिमीटरच्या दशांशाहून थोडे अधिक अंतर भरले. तसे ते क्षुल्लक वाटते. गॅस्केटला मात्र तेवढेही सोसत नाही.

त्याहून चिंतेची बाब निराळी होती. पृष्ठभागावरील यंत्राच्या खुणांवरून या हेडचे पूर्वी केव्हा तरी फेसिंग, म्हणजे यंत्रावर धातू काढून पृष्ठभाग सपाट करणे, झालेले होते हे उघड दिसत होते; पण ते कोणी केले, केव्हा केले आणि किती धातू काढला, याची नोंद गाडीच्या कोणत्याही कागदात नव्हती. म्हणून अनुमानावर न विसंबता मी प्रत्येक ज्वलनकक्षाचे आकारमान मोजले. हेड उलटे ठेवून, कक्षाच्या काठास ग्रीस लावून त्यावर छिद्र असलेली पारदर्शक तावदानी पट्टी बसवावी, आणि प्रयोगशाळेतील ब्युरेटने त्या छिद्रातून पातळ तेल थेंबाथेंबाने आत सोडावे. कक्ष काठोकाठ भरला म्हणजे ब्युरेट आकडा सांगते. चारही कक्षांत गॅस्केटची जाडी हिशेबात धरून संपीडनाचे प्रमाण साडेसातास एक याच्या आसपास येत होते, आणि तेव्हा कोठे माझा जीव भांड्यात पडला.

व्हॉल्व्ह बसविण्याचे काम या सर्वांत मला अत्यंत प्रिय आहे. सीटवर कार्बोरंडमची पेस्ट लावायची, रबरी चोषक असलेली काठी व्हॉल्व्हच्या माथ्यास चिकटवायची, आणि दोन्ही तळहातांत ती काठी ताक घुसळण्याच्या लहान रवीसारखी मागेपुढे फिरवायची. मधूनमधून व्हॉल्व्ह उचलून थोडा वळवून पुन्हा ठेवायचा. आधी खरखरणारा आवाज हळूहळू मऊ होत जातो, आणि पेस्ट पुसली म्हणजे पंचेचाळीस अंशांच्या त्या उतारावर दीड मिलिमीटर रुंदीचे, कोठेही न तुटलेले राखी कडे दिसते. मग कक्षात रॉकेल भरून ते व्हॉल्व्हच्या खालून पाझरते की नाही हे पाहावे. पाझरले तर पुन्हा रवी हाती घ्यावी. येथे कोणाची शिफारस उपयोगी पडत नाही. रॉकेलचा निकाल अखेरचा असतो.

फेसिंग मात्र घरी करण्याचे काम नव्हे. ते हेड मी एका वयोवृद्ध मिस्त्रींकडे नेले. त्यांनी हेड हातात घेऊन उजेडाकडे धरले आणि विचारले, "साहेब, किती काढू?"

"मिस्त्री, सपाट होईल तेवढेच."

"मग बरं झालं. इथं येणारी पोरं म्हणतात, जास्त काढा, गाडी पळाली पाहिजे. आपण लागेल तेवढंच घेऊ. उरलेलं पुढच्या वेळच्या फेसिंगला लागतं."

त्यांनी मिलिमीटरचा दीड दशांश काढला. मिस्त्रींच्या त्या एका वाक्यात जे शहाणपण आहे ते गणिताने तपासता येते. प्रत्येक सिलिंडरचे आकारमान २७२ घनसेंटिमीटर. साडेसातास एक या प्रमाणात दट्ट्याच्या वर उरणारी जागा सुमारे ४२ घनसेंटिमीटर. माझ्या हेडच्या ज्वलनकक्षाचे मुख अदमासे ३० चौरस सेंटिमीटर असल्याने दीड दशांश मिलिमीटर धातू गेल्याने त्यातून अर्धा घनसेंटिमीटरही कमी होत नाही, आणि प्रमाण साडेसातावरून जेमतेम ७.६ पर्यंत पोचते. याउलट ज्यास ते प्रमाण साडेआठावर न्यावयाचे असेल, त्याला जवळजवळ दोन मिलिमीटर धातू उतरवावा लागेल. दुरुस्ती आणि फेरफार यांच्यातील अंतर हे असे आहे: एकीकडे मिलिमीटरचा दीड दशांश, दुसरीकडे दोन मिलिमीटर. या दोन गोष्टी एका शब्दात कोंबणे हा विवेकाचा ऱ्हास होय.

फेरफार सर्वस्वी निषिद्ध आहे असे मी म्हणत नाही. हॅरी रिकार्डो यांनी इंजिनातील ज्वलन आणि नॉकिंग यांचा आयुष्यभर अभ्यास करून, ज्वलनकक्षाचा आकार व त्यातील वायूची खळबळ यांवर इंजिनाची कार्यक्षमता कशी अवलंबून असते हे जगास दाखविले. हॅरी वेस्लेक यांनी हेडमधील मार्गांतून वाहणारी हवा प्रत्यक्ष मोजून ऑस्टिनसारख्या गाड्यांची इंजिने सुधारली. त्यांच्या मार्गाने जाऊन घरच्या घरीही काही गोष्टी करता येतात. ओतकामाच्या वेळी राहिलेले उंचवटे काढावेत, मॅनिफोल्डची छिद्रे हेडच्या छिद्रांशी जुळवून घ्यावीत, व्हॉल्व्ह सीटखालची तीक्ष्ण कड हलकेच गोल करावी. यांत हवेची वाट सुकर होते आणि धातू नखाएवढाही जात नाही. परंतु ज्याने आधी मूळ माप पुनःस्थापित केले नाही, त्याला त्यात बदल करण्याचा अधिकार पोचत नाही. पोर्टच्या भिंतीपलीकडे पाण्याची वाट असते, आणि एका बेसावध क्षणी ती भिंत भेदली गेली म्हणजे ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वीच्या कल्पकतेचा वारसा भंगारात जमा होतो.

आता कायद्याकडे वळू. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी भर घालण्यात आली, तिने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांना प्रथमच स्वतंत्र सनद दिली. नोंदणीक्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे, प्रथम नोंदणीस वीस हजार रुपये, फेरनोंदणीस पाच हजार, आणि रोजच्या वा धंद्याच्या वापरास मनाई अशा त्यातील तरतुदी आहेत. सरकारने हा वारसा मान्य केला याबद्दल कृतज्ञताच व्यक्त केली पाहिजे. मात्र वाहन मूळ स्वरूपात जतन केलेले असावे आणि त्याचे मोठे ओव्हरहॉल झालेले नसावे, अशी त्यात अट आहे, आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांतील फेरफार त्या ओव्हरहॉलमध्येच गणला आहे. गॅरेजमध्ये ओव्हरहॉल म्हणजे उघडणे, साफ करणे, झिजलेले बदलणे व मापावर आणणे. म्हणजे मूळ स्वरूप टिकविण्याचा तो एकमेव उपाय. पन्नास वर्षांत एकदाही हेड न उघडलेली आणि तरीही चालणारी गाडी मिळणे दुर्मीळ. ज्या कृतीने वारसा जिवंत राहतो तिलाच अपात्रतेचे कारण ठरविण्याची शक्यता या शब्दरचनेत राहून गेली आहे.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला प्रदूषणाचा. या इंजिनांस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही. प्रत्येक किलोमीटरमागे ती आधुनिक गाडीहून अधिक विषारी वायू सोडतात, आणि शिसेयुक्त पेट्रोलच्या काळात जन्मलेल्या या यंत्रांना १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित आणि आता इथेनॉलमिश्रित पेट्रोलवर जुळवून घ्यावे लागले आहे. हे मान्य करूनही सांगावेसे वाटते की, गळका व्हॉल्व्ह, झिजलेले गाइड आणि चुकीचे मिश्रण यांनी धूर वाढतो, व नीट बसविलेल्या हेडने तो घटतो. म्हणजे येथे दुरुस्ती पर्यावरणाच्या बाजूची आहे. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. ब्रेक आणि स्टिअरिंगच्या बाबतीत हौशी हातांनी मर्यादा ओळखलीच पाहिजे. परंतु परीक्षा कामाची व्हावी. काम घरात झाले की कारखान्यात, हा प्रश्न गौण आहे.

म्हणून माझी सूचना एवढीच. प्रत्येक जुन्या वाहनाबरोबर, नोंदणी पुस्तकास जोडून, दुरुस्तीची एक वही असावी. कोणता भाग केव्हा उघडला, कोणते माप आढळले, किती धातू काढला, काय बदलले आणि बदललेला मूळ भाग जपून ठेवला आहे की नाही, हे तीत लिहिले जावे. नियमांच्या मसुद्यात दुरुस्ती आणि फेरफार यांच्या व्याख्या वेगळ्या कराव्यात, आणि तपासणी अधिकाऱ्याने गाडीच्या वयाबरोबर ही वही व धुराची चाचणी प्रमाण मानावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकणाऱ्या मुलांना अशी नोंद ठेवण्याचे वळण लावावे. त्या वृद्ध मिस्त्रींची विद्या त्यांच्या बोटांत आहे, आणि बोटांबरोबर ती नाहीशी होण्याआधी कागदावर उतरावयास हवी. तरतुदीचा खर्च नगण्य आहे, आणि तिने प्रामाणिक जतन करणारा व बेफाम धातू खरवडणारा यांच्यात आजवर न झालेला भेद करता येईल.

हेड परत बसवून, मध्यापासून कडेकडे तीन टप्प्यांत टॉर्क रेंचने आवळून, टॅपेट जुळवून इंजिन चालू केले, आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर थंड इंजिनावर बोल्ट पुन्हा तपासले. मग एक नवी वही आणून तिच्या पहिल्या पानावर तारीख घालून लिहिले: 'हेड फेसिंग, ०.१५ मि.मी. काढले, यापूर्वीचे प्रमाण अज्ञात.' शेवटचे दोन शब्द लिहिताना मला वाईट वाटले. माझ्यानंतर ही गाडी ज्याच्या हाती जाईल, त्याला ते पुन्हा लिहावे लागू नयेत.