मस्टर कोणाच्या मालकीचे?

मुंबईतील गिरणी कामगारांच्या घरांचा प्रश्न ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना एक दृश्य चांगले ठाऊक असेल. घरासाठी पात्र ठरावयाचे तर १ जानेवारी १९८२ रोजी अथवा त्यानंतर आपण गिरणीच्या पटावर होतो, हे कामगाराने किंवा त्याच्या वारसाने सिद्ध करावयाचे. त्यासाठी लाल पास, तिकीट नंबर, हजेरीपत्रक, रजेचे कार्ड, राज्य विम्याचा क्रमांक, जे हाती लागेल ते शोधावयाचे. साच्यावर ज्याने उभे आयुष्य काढले त्याच्या विधवेने गावच्या घरातली पत्र्याची पेटी उपसावी आणि ज्याने दरमहा त्याचे नाव मस्टरवर चढविले तो मालक मात्र ते मस्टर कोठे गेले हे सांगण्यास बांधील नसावा, असा हा न्याय आहे!

त्याची मुळे कायद्यातच आहेत. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात १९६४ साली झालेल्या दुरुस्तीने पगाराची नोंदवही ठेवण्याची सक्ती मालकावर केली खरी, परंतु शेवटच्या नोंदीनंतर तीन वर्षे ती जपली की त्याची जबाबदारी संपली. कामगाराची गरज त्यानंतर तीस वर्षांनी उद्भवली तर तो त्याचा दोष.

तथापि केवळ कायद्याला दूषणे देऊन आपली सुटका होणार नाही. पगाराचे मस्टर म्हणजे मालकाचे खाजगी चोपडे, ही समजूत आपल्या कार्यकर्त्यांतही खोल मुरलेली आहे. ‘मस्टर मालकाकडे आहे, ते मिळणार नाही’ असे वाक्य युनियनच्या कचेरीत किती सहजपणे उच्चारले जाते! वस्तुतः ही नोंदवही मालक आपल्या इच्छेने ठेवीत नाही, राज्य त्याला ती ठेवावयास लावते, आणि तीही मजूर नाडला गेल्यास पुरावा असावा म्हणून. ज्या कागदाचे प्रयोजनच मजुराचे संरक्षण हे आहे, त्याला धंद्याचे गुपित म्हणणे ही शुद्ध लबाडी होय.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता अमलात आली. या संहितांविषयी आमचे मत काय आहे ते वाचक जाणतातच. पण शत्रूच्या कोठारातले शस्त्रही उचलावे लागते. नोंदवही ठेवणे आणि वेतनचिठ्ठी देणे या संहितेने मालकावर बंधनकारक केले आहे. कमी पगाराचा दावा पूर्वी बारा महिन्यांत करावा लागे, आता तीन वर्षांची मुदत आहे. तो दावा एकट्या कामगाराने करावा असेही नाही, त्याची नोंदणीकृत युनियनही करू शकते. दावा ऐकणाऱ्या अधिकाऱ्यास कागद हजर करविण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, आणि पगार पुरता दिला हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे.

परंतु मालक मुळातच ‘हा माझा कामगार नव्हे’ असे म्हणाला तर? कंत्राटी मजुराच्या बाबतीत हाच डाव खेळला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली हदीमनी प्रकरणात २४० दिवस काम केल्याचे सिद्ध करणे कामगाराकडेच सोपविले. २००५ च्या येल्लट्टी प्रकरणातही तो भार हटला नाही, मात्र न्यायालयाने वाट दाखविली: रोजंदारीच्या मजुराजवळ नेमणूकपत्र नसते, तेव्हा त्याने साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहावे आणि मस्टर व पगारपत्रक मालकाकडून मागवावे. मागवूनही ते आले नाही तर न्यायालय मालकाविरुद्ध अनुमान काढू शकते. येथे ‘मागवावे’ हा शब्द कळीचा आहे. जो अर्जच देत नाही त्याला या अनुमानाचा आधार कसा मिळावा? अर्जही मोघम नको. कोणते खाते, कोणता कंत्राटदार, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, हे त्यात स्पष्ट हवे. तीन वर्षांची कड ओलांडण्याआधी तो गेला पाहिजे, एरवी मस्टर उंदरांनी खाल्ले असे उत्तर तयारच असते.

माहितीच्या अधिकाराचा जन्मच मस्टरमधून झाला, हे विसरून चालणार नाही. १९९० नंतरच्या दशकात राजस्थानातील मजूर किसान शक्ती संघटनेने सरकारी कामांवरील हजेरीपट गावासमोर जाहीरपणे वाचावयास लावले. त्या चळवळीतून पुढे २००५ चा कायदा आला. खाजगी मालक त्याच्या थेट कक्षेबाहेर राहिला असला तरी अन्य कायद्यान्वये सरकारी कचेरीला जी माहिती खाजगी संस्थेकडून मिळविता येते, ती त्या कायद्याच्या व्याख्येत बसते. कामगार आयुक्तांच्या कचेरीकडे तपासणीचे अहवाल मागता येतात ते यामुळेच. मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक माहितीची सवलत अधिक कडक करण्यात आली. व्यक्तीची खाजगी माहिती जपण्याच्या नावाखाली मालकाच्या पगारपत्रकावर पडदा पडणार, असे भय आम्हांस वाटते. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची तरतूद अजून शिल्लक आहे, अर्जात तिचा उल्लेख आवर्जून करावा.

आणि मस्टर ठेवलेच नाही तर? नव्या संहितेत दंड आहे, जास्तीत जास्त दहा हजार रुपये. शंभर मजुरांचा किमान वेतनातील फरक गिळणाऱ्या कंत्राटदाराला ही रक्कम चहापाण्याच्या खर्चात बसवता येईल. निरीक्षकाला तर आता ‘सुविधा देणारा’ अशी जोडपदवी मिळाली आहे. सुविधा कोणाची, ते सांगावयास नको. तरीही नोंदवह्या ताब्यात घेण्याचा व त्यांच्या नकला काढण्याचा त्याचा अधिकार कायम आहे. तो वापरावयास लावण्यासाठी लेखी तक्रार हवी, तिची पोच हवी आणि त्या पोचेमागे कामगारांची गर्दी हवी.

शाखांनी तूर्त एवढे करावे: येत्या पगाराच्या दिवशी गेटवर उभे राहून किती जणांना वेतनचिठ्ठी मिळाली, तिच्यावर मूळ मालकाचे नाव आहे की केवळ कंत्राटदाराचे, आणि हजेरीचे दिवस किती दाखविले आहेत, याची स्वतःची वही भरावी.