ठेवायचं किती?



मार्च आला की आमच्या ह्यांच्या दुकानात मालाची मोजदाद सुरू होते. ३१ तारखेला शिल्लक किती, त्यातला चालणारा माल किती आणि पडून राहिलेला किती, याची यादी होते. पडून राहिलेला माल जागाही अडवतो आणि पैसाही, म्हणून तो कमी भावात का होईना, काढायचा. बी. कॉम.ला असताना मी हे शिकले. चाळीस वर्षं घर चालवलं, पण हा नियम घराला कधी लावला नाही.

आमचं घर सांगलीत, कृष्णेपासून फार लांब नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी खालच्या मजल्यात शिरलं. वर जाताना मी जे उचललं ते दोन पिशव्यांत मावलं. औषधं, कागदपत्रं, दागिन्यांची डबी आणि देव्हाऱ्यातली तसबीर. पाणी ओसरल्यावर गाळाने भरलेल्या गाद्या, साड्या, डबे रस्त्यावर टाकताना मी रडले. पण खरं सांगते, महिन्याभराने त्यातलं निम्मंही मला आठवेना. एवढं होऊनही पुढच्या काही वर्षांत घर पुन्हा तेवढंच भरलं, आणि भरलं ते मीच.

गेल्या वर्षी होळीनंतर सूनबाई आली होती. माळ्यावरचे पितळी हंडे दाखवून मी म्हटलं, "हे सगळं तुझंच आहे बरं का." ती शांतपणे म्हणाली, "आई, पुण्याच्या फ्लॅटमध्ये हे ठेवू कुठं? आम्हाला नकोत." मला ते फार लागलं. दोन दिवस मी तिच्याशी नीट बोलले नाही.

नंतर विचार केला की मला लागलं ते नेमकं काय? हंडे तर मीही पंधरा वर्षांत खाली काढले नव्हते. दशलक्षणात आपण दरवर्षी तत्त्वार्थसूत्र ऐकतो. सातव्या अध्यायात उमास्वामींनी परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवरून केलेली नाही. मूर्च्छा, म्हणजे 'हे माझं' हा मोह, त्यालाच परिग्रह म्हटलं आहे. सुनेने हंडे नाकारले तेव्हा माझं ममत्व दुखावलं होतं. ती बिचारी खरं तेच बोलली होती.

हल्ली व्हिडिओत सांगतात की वस्तू हातात घ्या, आनंद झाला तर ठेवा, नाहीतर टाका. मला हे पटत नाही. मूर्च्छा असली की प्रत्येक वस्तू आनंदच देते! आहेरातली कधी न नेसलेली साडीसुद्धा. 'काय टाकू' असं विचारत कपाट उघडलं, की तासाभरात पलंगावर ढीग पडतो आणि दुपारी तोच ढीग परत आत जातो. आधी ठेवायचं किती ते ठरवावं, असं माझं मत आहे.

आपल्या पाचव्या अणुव्रताचं नावच परिग्रह-परिमाण. श्रावकाला सगळं सोडायला सांगितलेलं नाही, मर्यादा घालायला सांगितली आहे. बाह्य परिग्रहाच्या दहा प्रकारांत शेत, घर, सोनं यांच्याबरोबर कुप्य आणि भांड आहेत, म्हणजे कपडे आणि भांडीसुद्धा. हे खातं आपलं, बायकांचं.

माझ्या सासूबाईंना हे न शिकता कळत होतं. त्यांची बेगमी एका वर्षाची असे. नवा शाळू, नवे गहू घरात यायच्या आधी कोठी रिकामी झालीच पाहिजे. साठा त्याही करत, पण त्याला मुदत होती. आपल्या साड्यांना आणि डब्यांना मुदतच नाही.

मी कपाट उघडण्याआधी वहीत आकडे लिहिले. साड्या तीस, पाहुण्यांची ताटं बारा, जादा अंथरुणं चार. डबे एका फडताळात मावतील तेवढेच.

आता दडपणाबद्दल. अष्टान्हिका फाल्गुन पौर्णिमेला संपते आणि महावीर जयंती चैत्र शुद्ध त्रयोदशीला येते. मधे जवळजवळ चार आठवडे मिळतात. पहिला स्वयंपाकघराला, दुसरा कपड्यांना, तिसरा माळ्याला, चौथा कागदांना. रोज पाऊण तास आणि एकच कप्पा. काढलेला कप्पा त्याच दिवशी लावून व्हायला हवा. सगळं घर एकदम काढलं, तर सूर्यास्ताआधी जेवायचं असताना कढई सापडत नाही. माझं हे एकदा झालेलं आहे. माळ्यावर मात्र स्वतः चढू नका. आपले गुडघे आता तिशीतले नाहीत.

आणखी एक. साधू वस्तू उचलताना आणि ठेवताना जागा पिच्छीने हळुवार झाडून घेतात, ती आदान-निक्षेपण समिती. आपल्याला निदान एवढं जमेल की दिवसाउजेडी, मऊ केरसुणीने, कोपऱ्यातला जीव बाजूला करून आवरायचं. विषारी फवारा मारायचा नाही. अडगळ कमी झाली की पावसाळ्यात त्यात जीव होणंही कमी होतं.

जे निघेल ते वापरण्याजोगं असतानाच द्या. विटलेली, फाटकी साडी कामवालीच्या हातात ठेवून पुण्य जमा करू नका. आणि कृपा करून बोहारणीला कपडे देऊन नवं पातेलं घेऊ नका. तो फक्त खातेबदल झाला.

पाच हंड्यांपैकी चार मी आमच्या बस्तीत दिले. तिथे मोठ्या पूजेला भांडी भाड्याने आणावी लागत. उरलेल्या हंड्यात सासूबाई अंघोळीचं पाणी तापवत, तो ठेवला आहे. तोही मूर्च्छाच म्हणा, पण मोजून घेतलेली. सुनेला फोन करून "तुझं बरोबर होतं" असं सांगितलं. हे वाक्य हंड्यांपेक्षा जड होतं.

साड्या मात्र अजून एकेचाळीस आहेत. अकरांचा हिशेब जुळायचा आहे, आणि तो मला माझ्या हाताने जुळवायचा आहे. आधी एकदा तो नदीने केला होता. मी न केल्यास पुढे मुलांना करावा लागेल, आणि त्यांना कोणती साडी कुणाच्या बारशातली हे माहीतही नसेल. तुम्ही तुमचा आकडा आजच वहीत लिहा. कपाट उद्या उघडा.