चादर, चटणी आणि फलटण गल्ली

सांगली-कोल्हापूरकडून कुंथलगिरीच्या दर्शनाला निघालेल्या श्रावक कुटुंबाची गाडी बहुधा सोलापुरात थांबते. थांबण्याचे कारण ठरलेले असते. चार चादरी, दोन टॉवेल, शेंगांची चटणी आणि कडक भाकरीचे एखादे पुडके. चटणीत लसूण आहे की नाही, याची चौकशी सासूबाई दुकानदाराकडे दोनदा करतात, आणि ती करावीच. लसणाशिवायची चटणी मुद्दाम मागून घ्यावी लागते. तासाभरात खरेदी आटोपून गाडी तुळजापूर रस्त्याला लागते. "येथे बघण्यासारखे काय आहे?" असे नातवाने विचारलेच, तर आजोबा "सिद्धेश्वराचे देऊळ आणि किल्ला" एवढे सांगून मोकळे होतात. उत्तर खोटे नाही. मात्र व्यापारी घराण्यातील प्रवाशाला ते अपुरे आहे.

तळे आणि किल्ला शेजारी-शेजारी आहेत, त्यामुळे दोहोंना मिळून एक सकाळ पुरते. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांच्या नावाने हे शहर आपली ओळख सांगते. संक्रांतीला नंदीध्वज निघतात आणि गड्ड्याची यात्रा भरते, तेव्हा सारे सोलापूर रस्त्यावर असते. किल्ला बहामनी काळातील, भुईकोट. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची कन्या चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, तेव्हा हा किल्लाही सोबत गेला; तालीकोटच्या लढाईपूर्वीच्या तहाची ती किंमत होती. १८१८ च्या मे महिन्यात जनरल मन्रोने तो इंग्रजांकडे घेतला. पुढे शहरात चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी क्षणभर थांबावे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकृष्ण सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. एकाच गुन्ह्यासाठी फाशी गेलेले हे चौघे चार निरनिराळ्या समाजांतले होते.

खरे सोलापूर मुरारजी पेठेत सुरू होते. १८६० मध्ये रेल्वे येथवर आली आणि कापसाच्या व्यापाराचे स्वरूपच बदलले. मुंबईचे मोरारजी गोकुळदास यांनी उभारलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी १८७७ मध्ये सुरू झाली. हीच 'जुनी मिल'. ही पेठ मोरारजींच्याच नावाची. गिरणीच्या भोंग्यावर शहर उठे आणि झोपे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमागावर आणि पुढे यंत्रमागावर जे विणले, त्यातूनच आजची चादर आली. तिच्यावरचे मोर आणि वेलबुट्टी जॅकार्डच्या भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून उतरतात. दुकानात घडी मोजण्यापूर्वी एखाद्या कारखान्यात परवानगी घेऊन हे पाहिले, तर भावात घासाघीस करण्याची इच्छा थोडी कमी होईल.

२७ ऑगस्ट १९४९ रोजी जुन्या गिरणीचे दार बंद झाले. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला. या गिरणीचे शंभर रुपयांचे ३२,००० अग्रहक्क भाग होते आणि त्यांवर निम्मीच रक्कम भरलेली होती. सरकारने नेमलेल्या संचालकांनी उरलेल्या पन्नास-पन्नास रुपयांची मागणी केली. एका भागधारकाने ती नाकारली आणि डिसेंबर १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला. १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीमागे जे निकाल होते, त्यांत हाही होता. कायद्याचे विद्यार्थी हा खटला आजही वाचतात, पण त्यातील गिरणी कोठे होती हे पाहायला क्वचितच कोणी जातो.

पैशाने सोलापुरात आणखी एक काम केले. त्याची खूण इमारतींत कमी आणि कागदावर अधिक आहे. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनचे वालचंद हिराचंद येथलेच, जन्म १८८२ चा. त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. वडील हिराचंद नेमचंद दोशी यांचे नाव मात्र शहरातील वाचनालयापुरते उरले आहे. धवला आणि जयधवला हे सिद्धान्तग्रंथ त्या काळी मूडबिद्रीला ताडपत्रांवर जुन्या कानडी लिपीत बंदिस्त होते. यात्रेकरू त्यांचे दर्शन घेत आणि परतत; वाचणारा कोणी उरला नव्हता. मुंबईच्या माणिकचंद शेठजींचे पत्र आल्यावर हिराचंद १८८४ च्या सुमारास श्रवणबेळगोळच्या ब्रह्मसूरि शास्त्रींना बरोबर घेऊन तेथे गेले. शास्त्रींनी प्रारंभीचा भाग वाचून दाखविला आणि प्रती करवून घेण्याचा विचार पक्का झाला. वर्गणी जमण्यात आणि प्रत्यक्ष लेखनात पुढे कितीतरी वर्षे गेली. शास्त्र छापणे हा अविनय आहे, असे मानणारे श्रावक तेव्हा थोडे नव्हते, हेही येथे ध्यानात घ्यावे. धवलेचा पहिला छापील खंड निघायला १९३९ साल उजाडले.

त्यानंतरच्या वर्षी याच शहरातील ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांना आपल्या न्यायोपार्जित संपत्तीचे काय करावे, हा प्रश्न पडला. एखादे जिनालय बांधून नाव कोरता आले असते. त्यांनी वेगळी वाट धरली. देशभर फिरून विद्वानांची मते समक्ष आणि लेखी गोळा केली. एवढी छाननी तर मोठ्या कर्जाच्या मंजुरीपूर्वीही होत नाही. १९४१ च्या उन्हाळ्यात नाशिकजवळ गजपंथ क्षेत्री विद्वानांना बोलावून विचार झाला आणि जैन संस्कृति संरक्षक संघ स्थापन झाला. प्रथम तीस हजार रुपये जाहीर केले. १९४४ मध्ये उरलेसुरले सर्व, म्हणजे सुमारे दोन लाख रुपये, विश्वस्त निधी म्हणून संघाला देऊन टाकले. १६ जानेवारी १९५७ रोजी ते निवर्तले.

जीवराज जैन ग्रंथमाला ती हीच. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये आणि हिरालाल जैन हे तिचे संपादक. यतिवृषभाचार्यांची 'तिलोयपण्णत्ती' दोन भागांत निघाली, पहिला १९४३ मध्ये आणि दुसरा १९५१ मध्ये. मधल्या काळात, १९४९ साली, आसामचे विद्वान कृष्णकांत हंदिकी यांचा सोमदेवसूरींच्या 'यशस्तिलका'वरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. जोरहाटचा माणूस दहाव्या शतकातील जैन काव्यावर लिहितो आणि तो ग्रंथ सोलापूरच्या व्यापाऱ्याच्या पैशावर छापला जातो. गिरणी बंद पडली तेच हे वर्ष. गिरणीत गुंतलेले भांडवल न्यायालयाच्या कागदांत उरले. हंदिकींच्या ग्रंथाचा आधार मात्र अभ्यासक अजून घेतात. पुढे धवलेच्या खंडांची नवी आवृत्तीही याच ग्रंथमालेने काढली.

सोलापूरसाठी एक दिवस राखावा. सकाळी तळे आणि किल्ला, मग मुरारजी पेठ, दुपारी वाचनालय. ग्रंथमालेविषयी आधी चौकशी करून मगच जावे. जेवण सूर्यास्तापूर्वी उरकायचे असल्याने खरेदी शेवटी न ठेवता दुपारीच करावी. ग्रंथमालेच्या पुस्तकांवर पत्ता छापलेला असे: संतोष भवन, फलटण गल्ली, सोलापूर. यात्रेहून परतल्यावर नातवाला गावच्या मंदिरातील शास्त्रांच्या कपाटापाशी न्यावे आणि ग्रंथांची पहिली पाने उघडून पाहायला सांगावे. त्यांतल्या काहींवर हाच पत्ता निघण्याचा संभव आहे. कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हे मात्र आधी शोधावे लागेल.